विहिरीच्या शेताचं नाव

इथं अमेरिकेत, बॉथेलला, नकाशांवर माझं पोट चालतं. दिवसभर ऑफिसात कुठल्या कुठल्या शहरांचे रस्ते तपासायचे, आणि स्वतःच्या गावाच्या जुन्या मोजणीच्या नकाशावर मात्र नुसते आकडे. शेतांना नावं असतात हे त्या नकाशाच्या गावीही नाही. म्हणून यंदा आई सहा महिने राहायला आली, तेव्हा मी ठरवलं, तिच्याकडून सगळी नावं काढून घ्यायची आणि शेजारच्या रकान्यात त्यांचे अर्थ लिहायचे.

आई खुशीत सांगायची. गाढवलोळी म्हणजे कुंभाराची गाढवं लोळायची ती जागा. कोल्हेटेकावर तिनं स्वतः कधी कोल्हा पाहिला नव्हता, तेही लिही म्हणाली. ती डायनिंग टेबलाशी मेथी निवडत बोलायची, मी लॅपटॉपवर भरत जायचे. इतक्या गप्पा आम्ही माझ्या लग्नाआधीही मारल्या नव्हत्या. मला फार बरं वाटायचं.

एका शेताशी मात्र गाडी अडली. विहिरीचं, आमचंच.

"हे एकच ब्लँक राहतंय, आई. ह्याला काय म्हणतात?"

"काही नाही. आपलं शेत."

"पण लोक काय म्हणतात?"

"लोक काय, काहीही म्हणतात. ती परात दे इकडे."

मी जात्याच उतावळी. 'नाव नाही' असं टाइप करून मोकळी झाले आणि प्रिंट फ्रिजवर लावली. आई येता-जाता त्यापुढे थबकायची, चष्मा पुसायची आणि चहा टाकायची. तिचं परतीचं तिकीट शनिवारचं होतं.

गुरुवारी सकाळी मी गावी काकांना फोन लावला. ते हसतच सुटले. "अगं, वहिनी कशी सांगेल? अख्खं गाव त्या शेताला दादाच्या नावानं ओळखतं. तिथं पाणी लागायचं नाही म्हणून सगळे हसत होते. दादा एकटा खणत राहिला."

मला माझीच लाज वाटली. मी नवऱ्याला वरच्या मजल्यावरून नावानं हाका मारते. आईनं बाबांचं नाव उभ्या जन्मात तोंडातून काढलं नाही, ते गेल्यावरही नाही. आणि मी त्यांच्या शेतावर 'नाव नाही' लिहून फ्रिजला डकवलं होतं.

टाइप करायला कितीसा वेळ लागला असता? पण मी नवी प्रिंट काढली, तेवढी जागा कोरी ठेवली आणि आईपुढे पेन ठेवलं.

"बोलू नकोस. बँकेत सही करताना मधोमध लिहितेसच की."

सत्तरी ओलांडलेली माझी आई चक्क लाजली. मग चष्मा चढवून तिनं सावकाश, एकेक अक्षर काढत बाबांचं नाव लिहिलं. मी कागद उचलायला गेले, तर तिनं हात धरला.

"थांब, अर्थ राहिला."

आणि शेजारच्या रकान्यात लिहिलं, 'ह्यांनी पाणी आणलं.'