पाव फेरा मागे

त्या दिवशी वहिनी मागच्या मोरीत रबरी सूट गोड्या पाण्यातून काढत होती, आणि पुढे दुकानात दोघे भाऊ हवेच्या टाकीच्या एका काट्यावरून हातघाईवर आले होते. मधे फळ्यांची भिंत, तिला बोटबोट फटी. भांडण आपलं चाळणीतून पडावं तसं आत येत होतं.

"दादा, तुला आता काटा दिसत नाही. कबूल कर ना!"

"मला सगळं दिसतं."

"काल टाकीत ऐंशी होतं, तू दीडशे सांगितलंस. डोळे आहेत की शर्टाची बटणं?"

"बटणं तर बटणं. अरे, श्वास घेतला की काटा थरथरतो, त्यावरून मला कळतं हवा कशी येतेय ते. तुझ्या त्या डिजिटलमध्ये नुसता आकडा. मुका. मुक्याशी काय बोलायचं खाली?"

"खाली बोलायला जातोस का तू?"

"मग काय करू? घरी कोण बोलू देतं?"

हे भिंतीपलीकडे ऐकू जावं म्हणूनच होतं. वहिनीने ओल्या हातानेच दार ढकललं. "दोघेही गप्प बसा. भावजी, उद्या मी येते तुमच्याबरोबर. यांना दिसेल असं काहीतरी आणू. यांचं ऐकत बसलो तर एक दिवस हे आंधळेपणाने बुडतील."

बोलून गेली. माणूस बोलून जातो, तसंच.

हे भाऊ पाणबुडे. बोटींची बुडं खरवडायची, पडलेले नांगर शोधायचे, पंख्यात अडकलेली जाळी कापायची, आणि पुढच्या खोलीत हवेच्या टाक्या भाड्याने द्यायच्या. वहिनी चौथीपर्यंत शिकलेली, पण कॉम्प्रेसरच्या आवाजावरून त्याला काय दुखतंय ते तिला कळायचं. टाक्या तीच भरायची. भरताना टाकी तापते आणि आकडा फुगून दिसतो, थंड झाली की उतरतो. म्हणून तापल्या टाकीचा आकडा ती कधी खरा मानायची नाही. "तापल्या माणसाचाही मानू नये," असं म्हणायची.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने तिच्यापुढे हवा मोजायचे पाच-सहा डिजिटल मीटर मांडले. तिने भाजी निवडावी तसे निवडले. एकाचे आकडे मुंगीएवढे, तो बाजूला. एकाचं बटण हातमोजे घालून दाबता येईना, तोही बाजूला. एकाची बॅटरी बदलायला मीटर कंपनीकडे धाडावा लागणार होता. "म्हणजे महिनाभर हे काय, अंदाजाने श्वास घेणार?" शेवटी एक उरला. मोठे ठसठशीत आकडे, मागे उजेड, बॅटरीचं झाकण नाण्याने उघडणारं.

दुकानदार म्हणाला, "एकच सांगतो. बॅटरी वाचावी म्हणून याचा आकडा चार-पाच सेकंदांनी बदलतो. काट्यासारखा लगेच हलत नाही."

"बरंच आहे की," वहिनी म्हणाली. "तेवढीच बॅटरी वाचेल."

या एका वाक्याने पुढे तिचा जो पिच्छा पुरवला, तो शेवटपर्यंत.

थोरल्याने कुरकुर केली, आणि आठ दिवसांत त्याला मीटर आवडायला लागला. मात्र मीटर नवा असला तरी हात जुनेच होते. टाकीच्या तोंडाशी एक चाक असतं. ते पूर्ण उघडायचं आणि मग पाव फेरा मागे घ्यायचं, म्हणजे चाक जाम होत नाही, असं या भावांना बापाने शिकवलं होतं. यात एक खोच आहे. चाक चुकून उलटं फिरवलं, बंद केलं, आणि मग सवयीने पाव फेरा मागे घेतला, तर हवेला जेमतेम फट राहते. वर पाण्याबाहेर तेवढ्यावर श्वास छान येतो. खोल गेलं, जोर लावायची वेळ आली की तीच फट पुरत नाही. काट्याचं यंत्र असलं तर वरच कळतं, कारण दर श्वासाला काटा खाली डुबकी मारतो. चार-पाच सेकंदांनी बदलणाऱ्या आकड्यात ती डुबकी दिसतच नाही.

एका सकाळी थोरला एका नांगरासाठी निघाला. त्या नांगराचा मालक वेळेवर येईना, म्हणून उघडलेलं चाक वहिनीने बंद केलं. मालक आला, तिने ते पुन्हा उघडलं. की नुसतं उघडलंसं वाटलं? धाकटा बोटीतच होता. घाई चाललेली, कुणीतरी डबा मागितला, कुणीतरी दोर सोडला. थोरल्याने मीटर तोंडापुढे धरून तीन श्वास घेतले आणि धाकट्याला म्हणाला,

"एकशे नव्वद. बघ, तुझा आकडा हलत पण नाही. तुझ्यासारखाच हट्टी."

मग तो पाण्यात गेला.

त्याला वर आणला तेव्हा मीटरवर एकशे चाळीस होतं. म्हणजे भरपूर हवा. लोक म्हणाले, हृदय बंद पडलं. कागदावरही तेच लिहून आलं. संध्याकाळी सामान दुकानात आलं आणि वहिनीने टाकी बंद करायला चाकाला हात घातला. चाक पाव फेरा फिरलं आणि थांबलं; नीट उघडलेलं असतं तर बरेच फेरे फिरलं असतं. तिने मान वर केली. धाकटा दारात उभा होता, त्याने पाहिलं होतं. दोघांची नजर भेटली आणि दोघांनीही ती खाली घेतली.

त्यानंतर सव्वीस वर्षं दोघांनी एका छपराखाली चहा घेतला, गिऱ्हाइकं केली, एकमेकांची आजारपणं काढली. चाकाचं नाव कुणी काढलं नाही. धाकटा पुन्हा पाण्यात उतरला नाही. विचारलं की कान दुखतो म्हणायचा.

वहिनीला एकच गोष्ट आठवायची होती, शेवटचा हात कुणाचा. आणि नेमकं तेवढंच आठवेना. भर दुपारी मोरीत सूट धुताना तिला बादलीतून श्वास ऐकू यायचा. नळीतून येतो तसा, घशात खरखरणारा. एक, दोन, तीन. मग काही नाही. ती चौथ्याची वाट बघत हात पाण्यात तसेच ठेवून बसायची, बोटं सुरकुतेपर्यंत.

आणि तो मीटर. लोक म्हणाले, टाकून द्या. तिने तोच ठेवला, रोज सकाळी त्यानेच टाक्या तपासायची. टाकीला लावला की खरा आकडा यायच्या आधी क्षणभर त्यावर एकशे चाळीस दिसायचं. नंतर दोनशे, एकशे नव्वद, जे असेल ते. दुकानदार म्हणाला, जुना आकडा कधीकधी राहतो. मग काल संध्याकाळचा राहायला हवा ना? बॅटऱ्या बदलून झाल्या, तरी तेच. तिने एकदा शेजारणीला दाखवलं. शेजारीण म्हणाली, "मला तर आधी काहीच दिसलं नाही बाई." वहिनीने पुन्हा कुणाला दाखवलं नाही.

दुकानाची रीत मात्र तिने बदलून टाकली. चाक पूर्ण उघडायचं, मागे घ्यायचं नाही. जाम झालं तर तिच्याकडे पान्हा होता. आणि डिजिटल कितीही भारी असो, धक्क्यावर तिच्या जुन्या काट्यापुढे प्रत्येकाने तीन श्वास घेतल्याशिवाय बोट सुटायची नाही.

"काकू, आता श्वासाचीही हजेरी?" पाणबुडे चिडवायचे.

"हजेरी देतो तो वर येतो. घे श्वास. हा काय श्वास झाला? सासरी आलायस का? पोटातून घे!"

हसायचे, घ्यायचे. तिची नजर काट्यावरून हलायची नाही.

परवाच्या उन्हाळ्यात धाकटा अंथरुणाला खिळला. डॉक्टरांनी हात टेकले. दुपारी ती पेज घेऊन बसली तेव्हा तो छताकडे बघत म्हणाला, "वहिनी, चाक मी फिरवलं होतं."

तिने चमचा वाटीत ठेवला. "कुठलं चाक?"

"उगाच विचारू नकोस. मला वाटलं बंदच आहे. दादा बसला होता, मी समोरून हात घातला, दिशा उलटी पडली. फिरवलं, अडलं. वाटलं, उघडलं पूर्ण. मग सवयीने पाव फेरा मागे."

"तुम्ही दोर सोडत होतात, भावजी."

"दोर नंतर. तू डबा द्यायला वळलीस ना, तेव्हा. तुझी पाठ बघून म्हटलं, हिने उघडलं नसेल."

आणि वहिनीला डबा आठवला. त्याचं गरम बूड, दुसऱ्या बोटीतल्या माणसाचा पुढे आलेला हात. वळण्याआधी तिने चाक पूर्ण उघडलं होतं, मनगटाला लागलेली ती ताकद सव्वीस वर्षांनी तिच्या मनगटात परत आली. त्यानंतर तिने चाकाला हात लावलाच नव्हता. म्हणजे ती सुटली होती. आता नुसतं गप्प बसायचं होतं.

तिने धाकट्याकडे पाहिलं. उशीत मान रुतलेली, श्वास उथळ, तोंड उघडं. तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"काहीतरीच," ती म्हणाली. "डबा देऊन मी परत आले आणि पुन्हा हात घातला चाकाला. तुम्ही उघडंच ठेवलं होतंत. मीच घोळ केला."

"शप्पथ?"

"मी खोटं बोलते का कधी?"

"हजारदा."

"मग हे खरं धरा."

"नाही गं, मीच..."

"मीच म्हणतेय ना! भांडायचं असेल तर आधी पेज संपवा."

 विश्वास बसला की नाही, कोण सांगणार. पण त्याने तोंड उघडलं आणि चार चमचे पेज घेतली. त्याला झोप लागली तेव्हा श्वास जरा खालून येत होता. वहिनी मोजत बसली. तीन झाले, चौथा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी धक्क्यावर गेली. ही तिची शेवटची खेप. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही, पण हे सकाळी कुणाला ठाऊक? तिलाही नाही. पिशवीत मीटर, जुना काटा, पान्हा आणि नाणं. चार टाक्या होत्या. पहिलीला तिने मीटर लावला.

एकशे चाळीस.

इतकी वर्षं हा आकडा आला की ती नजर वळवायची. आज वळवली नाही. "अहो, मी नव्हते," ती हळूच म्हणाली. मग इकडेतिकडे बघून आणखी हळू, "पण धाकट्याला सांगू नका."

आकडा बदलला. एकशे पंच्याण्णव. तिने खडूने टाकीवर लिहिलं, चाक पूर्ण उघडलं, मागे घेतलं नाही, आणि काटा जोडून पाणबुड्यापुढे धरला.

"काकू, आज तरी सोडा."

"घे. एक."

काटा हलला नाही.

"दोन. पोटातून."

नाही हलला.

"तीन. जा आता, आणि डबा विसरू नकोस."

मग ती दुसऱ्या टाकीकडे वळली.