अकोटचं ऊन

कुलरच्या ओल्या वाळ्याचा गार वास आला की माझं डोकं तापतं. त्या एप्रिलात अकोटहून मी, नवरा आणि माझे मोठे दीर हिमाचलात बर्फातून फिरायला गेलो होतो. उतारावर ऊन यायच्या आत घळ ओलांडा, नंतर बर्फ कोसळतो, असं नाक्यावरच्या फलकावर ठळक लिहिलं होतं. तरी दीर सकाळी तंबूबाहेर पाय पसरून चहा पीत बसले. "भाऊजी, ऊन चढून राह्यलं," मी म्हटलं. "हे काय ऊन हाय? एवढ्या उन्हात अकोटात लोकं गोधडी घेतेत! तू मंधात बोलू नको." नवऱ्यानंही चहासाठी कप पुढे केला. घळीत पोचलो तेव्हा बर्फ भिजल्या साखरेसारखा पचपचत होता. वरून धप्प आवाज झाला आणि पुढे चालणारा नवरा गाडला गेला. नुसतं त्याच्या डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याचं टोक वर राहिलं. मी नखं फुटेस्तोवर उकरलं. दीर काठावर उभे. आता दर उन्हाळ्यात पाहुणे जमले की ते कुलरसमोर बसून हा किस्सा रंगवतात, "आमाले काय बर्फाचं भेव!" आणि सगळ्यांत मोठ्यानं हसतो तो माझा नवरा.