मुखवटेवाल्याचे नऊ भाग आणि अंबादासचे मार्क

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर माफ करा. आठवीत शाळा सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतात. चार लोकांत बोलायला जमत नाही, म्हणून लिहितोय. तीन माणसं तीन वर्षं दर गुरुवारी एकत्र बसली की किस्से साठतातच. कपाटात जुन्या चादरी साठतात तसे. वापरात नसतात, पण टाकवतही नाहीत.

तिघं म्हणजे मी शिवानंद, अंबादास आणि मुजीब. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला. अंबादास सध्या घरी आहे. दिवाळीच्या आधी कटिंग मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. पात्यावरची जाळी कारखान्यानं काढली होती असं ठरलं, तर त्याला भरपाई मिळेल आणि बसून करायचं काम मिळेल. त्यानं स्वतःच काढली असं ठरलं, तर काही नाही. हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर हे नुसते पिच्चरचे किस्से वाटतील.

*

गुरुवारी आम्हाला सुट्टी. भवानी पेठेत अंबादासच्या घरी भर दुपारी खिडकीला चादर टांगायची, अंधार करायचा आणि मुखवटेवाल्याचा एक भाग लावायचा. इंग्रजी पिच्चर, हिंदी बोलणं. मुखवटा घातलेला एक माणूस कोयता घेऊन फिरतो. शेवटी मरतो, पुढच्या भागात उठतो.

आम्ही या भागांचे नंबर लावायचो. सगळ्यात भारी कुठला, सगळ्यात भंगार कुठला. मार्क बोटांनी द्यायचे. एक-दोन-तीन म्हटलं की तिघांनी एकदम उजवा हात वर करायचा. जितकी बोटं तितके मार्क, पाचपैकी. एकदम अशासाठी, की कुणी दुसऱ्याचं बघू नये.

मी बघायचो. अंबादासची बोटं उघडली की मग माझी उघडायची. पाचव्या भागाला त्यानं एकच बोट दाखवलं. मीही एक दाखवलं.

"मी मुद्दाम केलं. मला तर लई आवडला," तो म्हणाला. "तुला का न्हाय आवडला, सांग की शिवा."

मुजीब म्हणाला, "इसके उंगल्यां बी किराये के हैं."

*

चौथ्या भागावरून अंबादास आणि मुजीब वर्षभर भांडले. मुजीब म्हणायचा, चारमध्ये म्हातारा मरतो तो सीन एक नंबर. अंबादास म्हणायचा, चारमध्ये म्हाताराच नाही. एकदा तर आठवडाभर बोलणं बंद. डबा खायलासुद्धा वेगळे बसले. मी मध्ये बसायचो, दोघांकडूनही चटणी यायची.

शेवटी दोघांनी घरी बघायचे आपापले पेनड्राइव्ह आणले. मुजीबचा चौथा म्हणजे अंबादासचा सहावा निघाला. मोबाईलच्या दुकानदारानं सापडेल तसे भाग भरले होते आणि भरतील तसे नंबर टाकले होते. आम्ही जाब विचारायला गेलो.

तो म्हणाला, "सगळ्यात माणसं मरायचीच हायत की. नंबर बघून काय करता?"

*

अंबादासची आई कोपऱ्यात बसून विड्या वळायची. सूप मांडीवर, नजर टीव्हीवर. सातव्या भागात तिनं अंबादासला विचारलं (नायना म्हणजे त्यांच्या तेलुगूत बाळ), "काय रे नायना, हा माणूस कामाला कुठं जातो?"

"तो कामाला जात नाही, आई. तो मारतो."

"मग एवढे भाग याला पोसतंय कोण?"

त्या दिवशी सातव्याला कुणीच दोनच्या वर गेलं नाही.

*

नंबरांची यादी आम्ही एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून डबा खायच्या खोलीत लावली होती. 'तीन नंबर: एकदम भारी. एक नंबर: जुना पण चांगला. सात नंबर: भंगार, उगाच माणसं मरतात.' वर मथळा काही नव्हता. आम्हाला माहीत होतं, ते पुरेसं होतं.

सुपरवायझर सरांना वाटलं, ही मशीनची यादी आहे. त्यांनी मेकॅनिकला बोलावून सात नंबरचं मशीन उघडायला लावलं. ते मशीन नवं होतं. त्याला तेल पाजून मेकॅनिक गेला. खडखडायचं ते दोन नंबर, त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

पुठ्ठा फाडताना सर म्हणाले, "मशीनची तक्रार तोंडी सांगायची. लिहून ठेवायची नाही."

अंबादासनं तिथल्या तिथं तोंडी सांगितलं, "सर, दोन नंबर लई हलतंय."

सर म्हणाले, "बघू."

*

दिवाळीआधी माल घाईत पाठवायचा होता. जाळीमुळे टॉवेल सरकवायला वेळ लागतो म्हणून सरांनी दोन नंबरची जाळी स्वतः खोलली. चारही स्क्रू माझ्या हातात दिले. "जपून ठेव, माल गेला की लावू." मुजीब पॅकिंगमध्ये होता. अंबादास अजून आला नव्हता. बघणारा मी एकटा.

चौथ्या दिवशी बोटं गेली.

*

नववा भाग आला तेव्हा अंबादासच्या हाताची पट्टी नुकतीच निघाली होती. पिच्चर संपला. मुजीबनं सवयीनं एक-दोन-तीन म्हटलं, आणि म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं. तोवर अंबादासनं उजवा हात वर केला होता. तीन बोटं.

मुजीबनं हळू विचारलं, "तीन दिये की पाँच?"

"तीनच. पाच द्यायसारखा असता तर डावा हात घेतला असता उसना."

मुजीब हसला. अंबादासही हसला. माझा हात मांडीवरच राहिला.

*

मागच्या सोमवारी सरकारी साहेब चौकशीला आले. ऑफिसात एकेकाला बोलावत होते. सर दाराशी उभे होते.

साहेबांनी विचारलं, "त्या दिवशी मशीनला जाळी होती?"

मी म्हणालो, "सकाळी होती."

"मग कुणी काढली?"

"माहीत नाही."

त्यांनी कागद पुढे केला. मी सही केली. बाहेर पडताना सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

संध्याकाळी अंबादासकडे गेलो. न जाणं जास्त वाईट दिसलं असतं.

"सायबांनी इचारलं का?" तो म्हणाला.

"विचारलं."

"जाळी सरांनी काढली ते सांगितलंस न्हवं?"

मी मान हलवली. होकारार्थी.

त्यानं आत हाक मारली, "आई, शिवानं सांगितलं." आई हातातलं पान टाकून उठली, माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग तिनं शिरा केला. मी दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याची बस आली, मी चढलो नाही. चालत त्या साहेबांच्या ऑफिसात गेलो. दार अजून उघडायचं होतं. शिपायानं विचारलं, "काय काम हाय?"

मी म्हणालो, "काल मी साहेबांशी खोटं बोललो. ते बदलायचंय."

तो म्हणाला, "साहेब दौऱ्यावर हायत. शुक्रवारी या."

मी बाकावर बसलो.