सगळ्यांचं पीठ एका डब्यात

नगरच्या एमआयडीसीजवळ आम्ही मुली ज्या इमारतीत भाड्याने राहतो, तिथे खोलीत स्वयंपाकाला बंदी आहे. कारण विचारलं की घरमालकीण काकू म्हणतात, "भिंती काळ्या होतात गं." खरं कारण तळमजल्यावर आहे. तिथे काकूंची मेस चालते. हळदीच्या पाण्यासारखं वरण, सोडा मारलेला भात आणि बटाटा. पॅकिंगला दिवसभर उभ्या राहणाऱ्या पोरींनी एवढ्यावर उभं राहायचं.

माझ्या खोलीतली अकोले तालुक्यातली मुलगी उभी राहू शकली नाही. कामावर घेरी येऊन पडली. सुपरवायझरने तिला सरळ सांगितलं, पुन्हा पडलीस तर येऊ नकोस.

मी पत्रकं लिहिणारी, वाटणारी. पण 'स्वस्त खा, सकस खा' असं लिहून कुणाचं पोट भरत नाही. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून एक इंडक्शन शेगडी आणली आणि माझ्या कॉटखाली लपवली. जिची शिफ्ट आधी सुटेल तिने कुकर लावायचा. मोडाची मटकी, हुलग्याचे शेंगोळे, शेंगदाण्याची आमटी. वेळ लागत नाही, खर्चही नाही. अकोल्याच्या मुलीच्या तोंडावर रंग आला. ती भाकरी थापायला बसली की बाकीच्या जणी ताटल्या घेऊन भोवती. "आमच्या डोंगरात भातच लई. बाजरी तुमच्याकडं येऊन शिकले," म्हणायची.

दिवाळीहून परतताना जिने तिने घरून बाजरीचं पीठ आणलं. प्रत्येकीची वेगळी पिशवी, गाठीला वेगळी चिंधी. मला ते खटकलं. एकत्र शिजवायचं आणि पिठाला मात्र कुंपण? मी बैठक घेतली. सगळ्यांचं पीठ एका डब्यात ओतायचं ठरलं, टाळ्यासुद्धा वाजल्या. बाजरीचं पीठ चार दिवस जास्त राहिलं की कडू पडतं, हे आमच्यातल्या एकीलाही नवीन नव्हतं. म्हणूनच आया थोडंथोडं दळून देतात. पण समतेच्या भरात कुणाचं दळण कधीचं, हे कुणी विचारलं नाही.

त्या पिठाच्या पहिल्याच भाकरीचा घास आमच्यातल्या राहुरीच्या मुलीने थुंकला.

"लई कडू हाय! माझं तर निघायच्या दिवशी दळलेलं हुतं. कुणी शिळं ओतलं?"

"माझ्याकडं काय बगती? तुज्या आईनंच दिलं असंल!"

"आईवर जाऊ नको हां, सांगून ठेवते!"

भांडण खोलीतून जिन्यात गेलं, जिन्यातून काकूंच्या कानात. काकू वर आल्या तेव्हा तवा अजून शेगडीवरच होता.

"असं होय," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, पोरींची भूक मेली."

मी उभी राहिले. म्हणाले, काकू, तुमच्या मेसमध्ये जेवून ही मुलगी कामावर पडते. मग मागे वळून पाहिलं, आता दुसरी कुणी बोलेल म्हणून. राहुरीची भिंतीकडे बघत होती. तिच्याशी भांडणारी निघून गेली होती. बाकीच्या जणी डब्यातल्या पिठाकडे बघत होत्या, जणू त्यातून आपापलं परत वेगळं काढता येईल. अकोल्याची एकटी हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई."

काकूंनी शेगडी उचलून नेली. तवा गरम होता, तेवढा ठेवून गेल्या.

खोलीत शिजवणं हा आमचा हक्क आहे, असं पत्रक मी लिहिलं. सही कुणीच केली नाही. राहुरीची म्हणाली, "तुमचं एकत्र-बिकत्र बास आता." आणि सगळ्याजणी खाली मेसमध्ये बसल्या. वेगवेगळ्या टेबलांवर.

अकोल्याची पुन्हा पडली, पॅकिंगच्या टेबलापाशीच. सुपरवायझरने शब्द पाळला. असले लोक पाळतातच. मी तिला एसटीत बसवून दिलं.

आता तिच्या कॉटवर दुसरी मुलगी आली आहे. पहिल्याच दिवशी काकूंनी तिला नियम सांगितला. "बरं काकू," ती म्हणाली, आणि मला विचारलं, "जेवन चांगलं असतं का हो खाली?"

मी म्हणाले, पोट भरतं.