ओल्या शाईवरचं बोट

आमच्या नागपूरच्या कॉलेजातले प्रवेशाचे बाबू नव्या पोराचं नाव मुकाट्यानं कधीच लिहीत नसत. टाक शाईत बुडवायचा आणि चष्म्यावरून बघत विचारायचं, "मॅट्रिक म्हंजे काय, सांग गा?" पोरगं म्हणे, "परीक्षा पास होनं." बाबू मान हलवत. "नाही. लॅटिन भाषेत नोंदवहीले मॅट्रिकुला म्हनत. युनिव्हर्सिटीच्या वहीत नाव चढलं, तोच खरा मॅट्रिक. आता चढवतो तुयं."

माझ्या वेळी कुही गावाहून सोबत आलेले माझे बाबा दाराबाहेर चपला काढून उभे होते. बाबूंनी त्यांना आत बोलावून स्वतःच्या खुर्चीत बसवलं, माझं नाव लिहिलं आणि वही त्यांच्याकडे फिरवली. "पाहा, पोराचं नाव." बाबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ओल्या अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं आणि शाई पसरली. मी शरमेनं मान खाली घातली.

पुढे मी त्याच कॉलेजात शिकवू लागलो. एकदा जुन्या वह्या तपासायला आलेल्या साहेबांनी त्या पानावर बोट ठेवून विचारलं, "हा डाग कसला?"

बाबू खुर्चीतून उठून उभे राहिले.

"डाग नाही सायेब. आमच्या सरांच्या बाबांची सही आहे."