पात्र नाही, तर झाकण

सरळच सांगते, आमच्या कल्हईकाकांइतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि आरशात तर मी रोज बघते. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावायची हा त्यांचा धंदा, म्हणून गल्लीतली झाडून सगळी माणसं त्यांना कल्हईकाका म्हणायची. माझ्या बाबांचे ते धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. जेवायला आमच्याकडे, झोपायला दुकानाच्या माळ्यावर. बाबा शिंपी. दोघांची दुकानं शेजारी शेजारी, मध्ये फळ्यांची भिंत, आणि त्या फळ्यांना इतक्या फटी की काकांच्या नवसागराचा पांढरा धूर बाबांकडे शिवायला आलेल्या कपड्यांवर खुशाल जाऊन बसायचा.

"अरे धाकट्या, गिऱ्हाईक मला जोड्याने मारेल!" बाबा ओरडायचे.

"मार खा की, दादा. तिकडे मुकुटात एक खडा वाढेल," पलीकडून उत्तर यायचं.

झालं! एवढं पुरायचं. पुढे दिवसभराची सोय.

आमच्या घरातला हा वाद माझ्या जन्माच्याही आधीपासून चालू होता. देवाच्या राज्यात कोणाला काय मिळणार? बाबांचं म्हणणं असं, की कृपेने दार उघडतं हे कबूल, आत सगळे जातील. पण आत गेल्यावर बसायच्या जागा ज्याच्या त्याच्या लायकीप्रमाणे. जन्मभर निष्ठेने चाकरी केली त्याला मुकुट, त्याला पुढची रांग. नुसता वेळ काढला तो मागे, भिंतीला टेकून. काकांना हे ऐकलं की खाज सुटायची. देव काय नाटकाची तिकिटं विकतोय का, म्हणायचे. सगळं फुकट आहे, सगळ्यांना आहे आणि सारखंच आहे.

"कष्ट करणारा आणि घोरत पडणारा, दोघांना एकच प्रतिफळ? मग ही अंधेर नगरीच झाली!"

"मी तुझ्या घरी जेवतो, तेव्हा वहिनी माझी लायकी बघून वाढते का?"

"लायकी बघितली असती तर उपाशी मेला असतात, भावजी," आई आतून म्हणायची, आणि चहाचे कप आदळायची.

बाबांचं मशीन थांबलं की समजायचं, मुद्दा सापडला. काकांचा भाता थांबला की समजायचं, मुद्दा लागला. मी फळीला पाठ लावून दोन्हीकडचं ऐकत अभ्यास करायचे, म्हणजे अभ्यास करत नव्हतेच. अजूनही कुठे शिवणयंत्राचा आवाज मध्येच थांबला की माझे कान टवकारतात. आता कोणीतरी काहीतरी बोलणार, असं वाटतं. कोणी बोलत नाही.

एकदा तर बाबांनी काकांना त्यांच्याच भट्टीपाशी गाठलं. काका एका मोठ्या पातेल्याला आतून रेतीने घासत होते. बाबा दारात उभे राहिले, गळ्यात टेप, कानाला पेन्सिल.

"मळक्या भांड्याला कथील धरतं का रे?"

"नाही धरत."

"मग? आधी स्वच्छ व्हावं लागतं की नाही?"

काकांनी पातेलं तापवलं, नवसागर टाकला, कथलाची कांडी टेकवली आणि बोळ्याने अशी काही फिरवली की आतला काळपट तांबडा रंग बघता बघता चांदीसारखा झाला. ते बघायला मला अजून आवडेल. मग म्हणाले, "दादा, हे भांडं घरून स्वतःला घासून आलं होतं का?"

बाबा परत गेले. पण दुसऱ्या दिवशी मशीन थांबलं आणि फटीतून आवाज आला, "काही भांडी घासूच देत नाहीत, उलट हात कापतात. त्यांचं काय?" रात्रभर विचार केला असणार बिचाऱ्यांनी.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं. भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकाबाकावरून हातोहात फिरायचं. त्याआधी पाळकसाहेब डोळे मिटून म्हणायचे, "प्रभो, तुझ्या मेजाशी बसायला आम्ही पात्र नाही." आता भांड्यांच्या दुकानात वाढलेल्या पोरीने काय समजावं? पात्र म्हणजे भांडं. काका गिऱ्हाइकाला तसंच म्हणायचे, "पात्र जुनं आहे, पण जातिवंत आहे." मला वाटलं, ही मोठी माणसं देवाला सांगतायत की आम्ही भांडं नाही. हे काय सांगायला पाहिजे? मी काकांची बाही ओढली आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काका, आपण पात्र नाही तर मग कोण? झाकण?"

बाकभर हसू फुटलं. पाळकसाहेबांना ठसका लागला. आईने मांडीला चिमटा काढला, तो मला अजून आठवतो. तेव्हापासून आमच्या घरात 'झाकण' हा शब्द रूढ झाला. परीक्षेत नापास, झाकण. बाबांची बाही उलटी जोडली गेली, झाकण. काका तर प्रार्थनेतसुद्धा म्हणायचे, "प्रभो, या झाकणावर दया कर."

पण त्याच रविवारी मी आणखी एक गोष्ट पाहिली. ताट बाबांपाशी आलं, त्यांनी डोळे मिटून तुकडा घेतला. ताट काकांपाशी आलं. काकांनी ते दोन्ही हातांनी धरलं, तापलेलं भांडं धरावं तसं, आणि काहीही न घेता पुढे दिलं.

"तुम्ही का नाही घेतलं?"

"मी झाकण ना गं, वकीलबाई." मला ते वकीलबाई म्हणायचे, तोंड बंद नसायचं म्हणून.

मी हसले. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. मोठी होत गेले तसं हसू ओसरलं. सोमवार ते शनिवार कृपा, कृपा म्हणून भावाचं डोकं उठवणारा माणूस रविवारी त्याच कृपेचं ताट पुढे सरकवतो, ही काय भानगड? शेवटी आईला खोदून खोदून विचारलं. आई आधी म्हणाली, तुला नसत्या चौकशा. मग सांगितलं.

चर्चमध्ये सगळ्यांसाठी एकत्र जेवण व्हायचं, त्याचं मोठं तांब्याचं पातेलं काकांकडेच कल्हईला यायचं. काका तेव्हा तरणे होते, काम भरपूर, घाई. एका वर्षी तळाशी एका जागी कल्हई विटली होती. एवढ्यानं काय होतंय, पुढच्या खेपेला बघू, म्हणून त्यांनी तशीच सोडली. त्या वर्षीच्या जेवणाला त्यात आंबट रस्सा केला आणि तो कळकला. तांब्याचं विष उतरलं अन्नात. अर्धी मंडळी ओकून बेजार झाली. दोन दिवसांत सगळी बरी झाली, पण घंटा वाजवणारे आजोबा होते, आधीच थकलेले, ते गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. कोणी काकांना शब्दाने बोललं नाही. काकांनी स्वतःला निकाल सांगून टाकला आणि तो कधी बदलला नाही.

तेव्हापासून एक रीतच पडली. एकत्र जेवण असलं की पातेलं उतरल्याबरोबर पहिली वाटी काका घ्यायचे. एकटे, सगळ्यांच्या समोर, सावकाश. मग खुर्चीवर बसून भिंतीकडे बघत राहायचे. लहान पोरं भोवती जमायची, त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायची. बऱ्याच वेळाने कोणीतरी मोठ्याने म्हणायचं, "काका जिवंत आहेत, वाढा!" आणि हशा पिकायचा. त्याशिवाय आमच्या चर्चमध्ये पंगतच बसायची नाही. मी बापडी समजत होते की काका खादाड आहेत!

हे कळल्यावर मला पहिल्यांदा बाबांचं कौतुक वाटलं. इतके वाद झाले, बाबा कितीदा हरले, चिडले, टेप फेकून दिली. पण त्या पातेल्याचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. एका वाक्यात काकांचं तोंड बंद झालं असतं. 'लायकी नसते म्हणतोस ना, मग ताट का पुढे देतोस?' एवढंच विचारायचं होतं. नाही विचारलं. माझ्या जिभेवर तर दहा वेळा आलं असतं.

दिवस गेले. स्टीलची भांडी आली, तयार कपडे आले, दोन्ही दुकानं हळूहळू थंडावली. भट्टी महिनोन्‌महिने पेटेनाशी झाली. वाद मात्र गरम राहिला. मग बाबांच्या छातीने दगा दिला आणि ते अंथरुणाला खिळले. काका रोज सकाळी येऊन पायथ्याशी स्टुलावर बसायचे. मुकुटाचा विषय काढायचे, बाबांनी भांडावं म्हणून. बाबा भांडायचे नाहीत. त्याची मला जास्त भीती वाटली.

एके दुपारी नवे पाळक घरी प्रभुभोजन घेऊन आले. तरुण मुलगा, बोलायला गोड. त्याने प्रार्थना केली, तुकडा पुढे केला. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मी पात्र नाही."

"झाकण का, बाबा?" मी सवयीने बोलून गेले. कोणी हसलं नाही.

बाबा भिंतीशीच बोलत होते. "जन्मभर लोकांची मापं घेतली. हा पुढे बसेल, तो मागे बसेल. आता स्वतःचं घ्यायला गेलो तर कुठून धरायची टेप, तेच कळेना. मला भीती वाटते रे, धाकट्या. दारातूनच परत पाठवतील."

माझे बाबा, पुढच्या रांगेचे मालक, दारालाच घाबरत होते.

"दादा, घे," काका म्हणाले. "तुला सांगून सांगून घसा बसला माझा. फुकट आहे. घे."

बाबांनी मान वळवली. इतक्या वर्षांत जे ओठांवर आणलं नव्हतं, ते त्या दिवशी आलं. रागाने नव्हे. लहान मूल विचारतं तसं.

"मग तू का घेत नाहीस?"

काकांचा भाता थांबला, असं मला वाटलं. पाळक एकदा माझ्याकडे बघत होता, एकदा काकांकडे. आई पदर तोंडाला लावून दारात उभी होती. काका आपल्या हातांकडे बघत बसले, नवसागराने फुटलेल्या बोटांकडे. मला इतका राग आला. म्हटलं, बोला ना काहीतरी, असे काय बसलात?

ते उठले. मोरीत जाऊन हात धुऊन आले, पुसले, परत स्टुलावर बसले.

"पास्टर, आधी मला द्या," ते म्हणाले. "पहिला घास नेहमी माझा असतो."

त्या पोराला काही कळलं नाही, पण त्याने दिला. त्यांनी तुकडा तोंडात ठेवला, सावकाश चावला, गिळला. द्राक्षरसाचा घोट घेतला. आणि मग गुडघ्यांवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसले, थेट एकत्र जेवणाच्या वेळी बसायचे तसे. बाबा त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मीही बघत होते.

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "जिवंत आहे, दादा. वाढा."

बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते हसत होते की रडत होते, देव जाणे. त्यांनी तोंड उघडलं. पाळकाने तुकडा ठेवला. बाबांनी तो चावला, घोट घेतला, आणि उशीवर डोकं टेकून डोळे मिटून पडले. मला वाटलं, झोपले.

"धाकट्या," ते म्हणाले.

"काय रे?"

"तुझा तुकडा मोठा होता."

"असेल."

"म्हणजे कमीजास्त असतंच."

काकांनी बाबांचे पाय पांघरुणासकट दोन्ही हातांत धरले. "बरं बाबा," ते म्हणाले, "तुझंच खरं."

त्यांच्या तोंडून हे वाक्य मी तेवढं एकदाच ऐकलं.