डागाची गॅरंटी

आमचे हे फौजेतून सुटून आले ते एकच काम शिकून आले होते, रॉकेलचा स्टोव्ह दुरुस्त करायचं. पल्टनीच्या भटारखान्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं म्हणे. पण गाव आमचं विट्याच्या अलीकडचं, तिथं सगळ्या बायका चुलीवर रांधायच्या. म्हणून दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही सांगलीला आलो, विश्रामबागेत एक खोली घेतली आणि दाराला पाटी लावली: 'घरी येऊन स्टोव्ह दुरुस्त करून मिळेल. डागाची वर्षभर गॅरंटी.'

टाकी गळायला लागली की कथील वितळवून ती जागा सांधतात, त्याला डाग देणं म्हणतात. आमच्याकडे चितेला अग्नी देण्यालाही डाग देणंच म्हणतात. शेजारच्या म्हातारीनं नातवाकडून पाटी वाचून घेतली आणि मला म्हणाली, "अगं बाई, दारावर असलं अभद्र कशापायी लिवलंय?" मला हसू आलं. मेली म्हातारी, हिला धंद्यातलं काय कळतंय, असं मनात म्हणून मी आत गेले.

गिऱ्हाईक मात्र येईना. हे सायकलला पेटी बांधून गल्लीगल्लीतून ओरडत फिरायचे आणि तसेच परत यायचे. खोट कुठे आहे ते मला चार दिवसांत कळलं. स्टोव्ह असतो स्वयंपाकघरात. घरातला पुरुष कामावर गेलेला, मग परक्या बाप्याला आत कोण घेणार? दुसऱ्या दिवसापासून मी बरोबर निघाले. मी आत जायची, बाईशी दोन शब्द बोलायची, स्टोव्ह उचलून ओसरीवर आणून द्यायची. हे दुरुस्त करेपर्यंत मी आतच. महिन्याभरात आम्हाला हाका यायला लागल्या, आणि मी पण अशी फुगले की विचारू नका.

ह्यांची एक फौजी सवय होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक स्टोव्हच्या पायाला पत्र्याचा बिल्ला तारेने बांधायचे, त्यावर ठोकलेला नंबर. एका डागाला एक बिल्ला. वर्षात पुन्हा गळला तर काम फुकट. बायकांना त्या बिल्ल्याचं भारी कौतुक.

कॉलेजच्या पलीकडे एक मोठं घर होतं. ऊसवाले लोक, मुलांच्या शिक्षणासाठी शहरात येऊन राहिलेले. तिथल्या सासूबाईंनी बोलावलं. "स्टोव भडकतोय आमचा. लय भ्या वाटतंय," त्या म्हणाल्या, आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. ह्यांनी स्टोव्ह उघडला, हवा भरली, पेटवला. ज्योत निळी, एकसारखी. टाकीला टिपूसभर गळती नाही.

"ह्यात काय न्हाई," हे मला हळूच म्हणाले. "तसं सांगतो आन निघतो."

मी त्यांना कोपराने ढोसलं. "आवं, काय न्हाई म्हनून सांगितलं तर पुन्यांदा कोन बोलवंल? येक डाग द्या आन बिल्ला बांधा." आयुष्यभर वस्तूशी खरं वागलेला माणूस तो. कपाळाला आठ्या घालून त्यांनी चांगल्या टाकीला डाग दिला.

मी आत होते. सून चहा गाळत होती, विशीचीही नसेल. दाराकडे बघत तिनं मला विचारलं, "वैनी, ह्यो खरंच भडकतोय का वो? माझ्या हातात तर कवा भडकला न्हाई." मी तिला धीर दिला. काय धीर दिला ते सांगायला मला अजून जीभ रेटत नाही.

महिन्याने त्याच घरातून पुन्हा बोलावणं आलं. पुन्हा तेच, भडकतोय, पुन्हा ओसरीवर मोठा आवाज, स्टोव्हही सासूबाईंनीच बाहेर आणून ठेवलेला. स्टोव्ह पहिल्यासारखाच ठणठणीत. ह्या वेळी हे ऐकेचनात, पण मी ऐकवलं. दुसरा डाग, दुसरा बिल्ला. सून त्या दिवशी बाहेर आलीच नाही. आतल्या दारातून तिचा पदर तेवढा दिसला. मला तेव्हा काहीतरी खटकलं होतं, नाही असं नाही. पण घर मोठं होतं, आणि त्यांच्या ओळखीची घरं आणखी मोठी होती.

श्रावणातल्या एका सकाळी ती सून भाजली आणि दुपारी दवाखान्यात तिचा जीव गेला. स्टोव्हचा भडका, असं गल्लीभर झालं. चार वाजता हवालदार आमच्या दारात उभा राहिला. एका हातात तो स्टोव्ह, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर आमचे दोन बिल्ले.

"तुमचंच न्हवं ह्ये? दोनदा डाग दिलाय म्हंत्यात घरची."

ह्यांनी स्टोव्ह मांडीवर घेतला. टाकी अखंड, दोन्ही डाग शाबूत, पंप जागच्या जागी. पाणी आणायचं निमित्त करून ते आत आले. "अगं, ह्यो फुटल्याला न्हाई. ह्यो भडकल्यालाच न्हाई. मी सांगतो त्येला, गळती नव्हती म्हनून."

"आन मग डाग कशाला दिला म्हनून इचारलं तर?" मी म्हणाले. "खोटा दिला म्हनून सांगनार? उद्या दारात कुत्रं तरी थांबंल का?"

हे बाहेर गेले आणि म्हणाले, "व्हय, गळत हुता. जुना माल हाय." हवालदाराने लिहून घेतलं, ह्यांनी सही केली. मी दाराआड उभी राहून सुटकेचा निःश्वास टाकला. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

आणि धंदा वाढला! विश्रामबागेतल्या प्रत्येक घराला आता आपला स्टोव्ह तपासून हवा होता. इतकं गिऱ्हाईक आम्ही कधी पाहिलं नव्हतं. बिल्ल्यावर नंबर ठोकताना ह्यांची हातोडी मात्र मध्येच थांबायची.

दिवाळीनंतर एका दुपारी एक अनोळखी बाई दारात आली. मागे नवी सून, हातातल्या पिशवीत स्टोव्ह. बाई म्हणाली, "तुमीच का ते, त्या घरचा स्टोव बगितल्यालं?"

"व्हय," मी म्हणाले.

"आमचाबी भडकतोय. दोन डाग द्या."

"कुठं गळतोय?"

"गळत न्हाई. पन द्या. दोन बिल्लं बांधा."

पोर खाली मान घालून उभी होती, हिरवा चुडा अजून कोरा. ह्यांनी स्टोव्ह घेतला, रस्त्याच्या कडेला ठेवून पेटवला. निळी ज्योत. चार माणसं थांबली. मग मी त्या बाईकडे न बघता पोरीला म्हणाले, आणि गल्ली ऐकेल असं म्हणाले, "बाळ, तुज्या स्टोवात कायबी खोट न्हाई. ह्यो भडकायचा न्हाई. उद्या भडकला असं कोन म्हनलं, तर चौकीत यिऊन सांगनारी मी हाय."

बाईने स्टोव्ह विझवला, तसाच गरम पिशवीत कोंबला आणि चालू लागली. पोर वळून वळून बघत गेली.

त्याच संध्याकाळी हे खरं काय ते सांगायला चौकीत जाऊन आले. पहिल्या पोरीचा तो कागद कधीच बंद झाला होता, उघडायला कोणी तयार नव्हतं. घरी येऊन त्यांनी पाटी उतरवली.

ही वळून बघत तरी गेली. पहिली मात्र चहा गाळताना मला सरळ विचारत होती, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले होते, "आता डाग दिलाय, काळजी करू नगंस."